आंजी (लहान), मुक्काम अमेरिका

अर्ज कोणाच्या नावे करावयाचा आहे, हे विचारल्याशिवाय मी टाइपरायटरमध्ये कागद चढवीत नाही. वर्ध्याच्या कचेरीसमोर बसणारे इतर अर्जनवीस आधी पक्षकाराची सगळी रडकथा ऐकून घेतात आणि मग हे प्रकरण तहसिलीचे की मोजणी खात्याचे, यावर डोके खाजवितात. माझे शाळेतील शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुढील शिक्षण मला कचेरीने दिले. कचेरीने शिकविलेली पहिली गोष्ट ही, की अर्जाचा अर्धा जोर मायन्यात असतो.

नव्वदच्या दशकात एका सकाळी माझ्यासमोरील बाकड्यावर जे वयस्क गृहस्थ येऊन बसले, त्यांनाही मी हाच प्रश्न केला.

"सरपंचाच्या नावानं करा," ते म्हणाले.

"कोणत्या ग्रामपंचायतीच्या?"

"आंजी लहान."

आंजी (मोठी) आमच्या तालुक्यात सर्वांस ठाऊक आहे. परंतु आंजी (लहान) नावाचे गाव मी कोणत्याही सरकारी कागदावर पाहिले नव्हते, आणि मी पाहिले नाही असे गाव या जिल्ह्यात असणे संभवनीय नव्हते. तसे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

"तुमच्या कागदावर कसं राहीन जी मुन्शीजी," ते अगदी शांतपणे म्हणाले. "ते अमेरिकेत हाये."

काकाजींची आणि माझी ओळख ही अशी झाली. आंजीत त्यांचे बियाण्याचे दुकान होते. घराणे व्यापाऱ्याचे, पण त्यांच्यात व्यापाऱ्याची घाई नव्हती. डोक्यावर काळी टोपी, सदऱ्याच्या खिशात बियाण्याच्या एजंटाने फुकट दिलेले पेन, आणि हातांना बियाण्यास चोळावयाच्या औषधाचा वास. तो वास इतका पक्का होता, की त्यांनी दिलेला पेढासुद्धा मी घरी नेऊन, वारा लावून मग खात असे.

त्यांना एकुलती एक मुलगी होती. ती डॉक्टर मुलाला दिली होती. जावई पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि शिक्षण संपल्यावर तेथील सरकारने त्यास, जेथे दुसरा डॉक्टर जावयास तयार नव्हता, अशा एका खेड्यात नेमले. आपल्याकडे नव्या डॉक्टराच्या नशिबी आडगाव येते, तसेच तेथेही असावे. त्या खेड्याचे खरे नाव मला कधीच नीट उच्चारता आले नाही. काकाजींनाही येत नव्हते. त्यांनी ते एकदा प्रयत्नपूर्वक म्हणून पाहिले, मग म्हणाले, "आपली आंजी मोठी. ते गाव अडीचशे वस्तीचं. मंग ते आंजी लहान. झालं." त्या दिवसापासून दुकानात बसणाऱ्या सर्वांकरिता ते गाव आंजी लहान झाले.

त्यांची पहिली मागणी होती, की त्या गावाचा इतिहास व लोकसंख्या लेखी मिळावी. मी इंग्रजीत 'आय बेग टु स्टेट'पासून 'फॉर विच अ‍ॅक्ट ऑफ काइंडनेस'पर्यंत नियमानुसार अर्ज टाइप केला. माझे अर्जाचे इंग्रजी निर्दोष आहे. मी सही घेऊन कागद पाकिटात घालणार, तोच काकाजींनी माझा हात धरला.

"कोर्ट फीचं तिकीट?"

"काकाजी, तिकडे हे तिकीट चालत नाही."

"तिकिटाशिवाय अर्ज कोनी वाचते का? लावा. लावल्यानं काय बिघडते?"

मी तिकीट चिकटविले. तेथील सरपंच हा शेतकरी होता आणि फावल्या वेळात शाळेची बसही चालवीत असे. त्याने उत्तर पाठविलेच, शिवाय मुलीने फोनवर सांगितले, की तो अर्ज तिकिटासह काचेत बसवून गावातील एकुलत्या एक हॉटेलात टांगला आहे. तिकिटाचे महत्त्व त्या लोकांस बरोबर कळले, असे काकाजींचे मत पडले.

त्या उत्तरावरून, आणि पुढे दर रविवारी सकाळी मुलीचा फोन येई त्यावरून, काकाजींनी आंजी लहानचा संपूर्ण इतिहास तोंडपाठ केला. पेरणीच्या हंगामात शेतकरी बियाणे घ्यावयास येत आणि बाकावर बसून तो ऐकत.

"दोन भाऊ बैलगाडीनं आले," काकाजी सांगत. "एकानं विहीर खंदली, दुसऱ्यानं चक्की टाकली."

"भावाभावाचं पटे का, काकाजी?"

"नाई. म्हून तं गावात दोन गल्ल्या हायेत. मंग रेल्वे आली अन् गाव फुगलं. बँक, शाळा, कापडाची दुकानं. मंग एका उन्हाळ्यात अर्धी गल्ली आगीत जयाली. मंग रेल्वे गेली. तिच्या मागं बँक गेली, शाळा दुसऱ्या गावाले गेली. आता गिरजाघर हाये, पोस्ट हाये, हॉटेल हाये, अन् आपला दवाखाना."

'आपला' हा शब्द ते किंचित थांबून उच्चारीत.

"अन् सोयाबीन?" कोणी तरी विचारीच. आमच्या भागात सोयाबीन तेव्हा कोठे पसरू लागले होते.

"चौफेर. गावाच्या भिंतीले टेकून हाये."

मग शेतकरी तेथील पावसाची चौकशी करीत, आणि काकाजी जणू नाल्यापलीकडच्या वावराची बातमी द्यावी तशी ती देत.

आंजीत कोणी वारले, की मयत गावाबाहेर जाईपर्यंत दुकानाचे शटर अर्धे खाली ओढण्याची रीत आहे. काकाजी आंजी लहानमधील मृत्यूसाठीही शटर ओढीत. भर पेरणीत एकदा हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. एक शेतकरी बैलबंडी रस्त्यात उभी करून वाकून आत पाहत होता.

"कोन गेलं, काकाजी?"

"हेन्री."

"कोन हेन्री?"

"रेल्वेत होता बिचारा. स्टेशन बंद झालं, रूळ उखडून नेले, तरी रोज त्या जागी जाऊन बसे."

शेतकऱ्याने टोपी काढली. त्याला वाईट वाटले होते, यात मला शंका नाही. थोडे थांबून तो म्हणाला, "मंग त्याची तिरडी कवा उचलतेत जी? मले पेरनीले उशीर होऊन राह्यला."

"तिकडं अजून रात हाये. उद्या नेतीन."

"म्हंजे मी आता त्या हेन्रीच्या पायी उद्या पेरू?"

आतून त्यांच्या पत्नीचा, काकीजींचा, आवाज आला, "मागच्या दारानं ये रे बाप्पा, मी देतो थैली. ह्यायचं सुतक मोठं हाये."

काकीजींना या सर्व प्रकाराचा राग होता, आणि तो राग न्याय्य होता. फोन आला की काकाजी पहिल्याने घेत आणि विचारीत, "वस्ती किती?" मुलगी सांगे, अमक्याला नातू झाला, तमकी म्हातारी लेकाकडे राहावयास गेली. मग बेरीज, वजाबाकी. काकीजी शेजारी उभ्या राहून पदराशी चाळा करीत. "पोरीनं जेवन केलं का, हे कोनी इचारत नाई. मेलं कोन, हे पयले." शेवटी फोन त्यांच्या हाती येई, तेव्हा मुलीला झोप आलेली असे, कारण तेथे शनिवारची रात्र झालेली असे.

जावयाने दोघांनाही बोलावले होते. काकीजी मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेल्या. काकाजी गेले नाहीत. मी कारण विचारले असता ते म्हणाले, "त्या गावाच्या शिवेवर पाटी हाये. तिच्यावर वस्ती लिहून राह्यते. मी गेलो तं एकानं वाढवा, परत आलो तं एकानं कमी करा. पाटीवाल्याले उगाच तकलीफ." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितले, की त्यामागे दुसरे काही असावे असे मला वाटले, परंतु पक्षकाराने सांगितले त्यापलीकडे विचारणे हे माझ्या व्यवसायात बसत नाही.

काकीजी परत आल्या त्या दिवशी काकाजी एसटी स्टँडवर त्यांना घ्यावयास गेले होते. पिशवी हातात घेण्याआधी त्यांनी विचारले, "पोस्टातली बाई दिसाले कशी हाये?"

"मले काय मालूम? मी लेकराचं अंग रगडून राह्यली होती."

"अन् त्या दोन गल्ल्या?"

"कायच्या गल्ल्या! एक रस्ता, दोन्ही बाजूले सोयाबीन, अन् थंडी. मानूस तं दिसतच नाई तिथं."

काकाजी त्यांच्याशी पुढे दोन दिवस नीट बोलले नाहीत. माझ्यापाशी मात्र कुरकुरले, "इतक्या लांब गेली, अन् काही न पाहता आली."

आता मी ज्या प्रकरणासाठी हे लिहावयास घेतले, त्याकडे येतो.

एका सोमवारी मी टाइपरायटर पेटीतून काढतो न काढतो, तोच काकाजी पहिल्या गाडीने येऊन हजर झाले. आंजी लहानचे पोस्ट बंद होण्याच्या मार्गावर आहे, असे मुलीने आदल्या दिवशी सांगितले होते. टपाल कमी, खर्च जास्त. पोस्ट गेले की दवाखानाही मोठ्या गावाच्या दवाखान्यात मिसळतील, अशी बोलवा होती, आणि तसे झाल्यास जावई शहरात नोकरी पाहणार होता.

"हे तर चांगले आहे," मी म्हणालो. "पगार वाढेल. मुलांना शाळा जवळ पडेल."

काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मुन्शीजी, दुपारी जेवून आडवा पडलो का मले ते गाव दिसते. पोरगी दवाखान्यातून निंघाली. पयले पोस्ट लागते, मंग गिरजाघराचं कुंपन, मंग त्या दोन म्हाताऱ्याईचं घर, त्यायचा कुत्रा भुकते. मी तिच्यासंगं चालत चालत घरापर्यंत जातो. शहरात गेली तं मी कोठवर जाऊ?"

मी कागद चढविला.

आमचा पहिला उपाय असा, की त्या गावी जास्तीत जास्त टपाल जावे. काकाजींना प्रत्येक घर नावानिशी ठाऊक होते. मी प्रत्येक घराच्या नावे कुशल विचारणारे पत्र टाइप केले आणि गठ्ठा रवाना झाला. पुढच्या एका रविवारी मुलीने फोनवर खुलासा केला, की आलेले टपाल त्या पोस्टाच्या हिशेबात धरत नाहीत. तेथे तिकिटे किती विकली जातात, ते पाहतात. काकाजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"म्हणजे त्यांनी उत्तर द्यावयास हवे," मी म्हणालो. "तेथील तिकीट लावून."

"पन लोकं उत्तर देत नाईत ना."

येथे मात्र प्रश्न माझ्या हातातील होता. आयुष्यभर मी ज्यांना उत्तर द्यावयाचे नाही अशाच लोकांना अर्ज लिहीत आलो आहे. उत्तर न देणाऱ्याकडून उत्तर काढावयाचे असेल, तर कुशल विचारून उपयोग नाही. एकच प्रश्न विचारावा, तो ज्याचा त्यालाच ठाऊक असावा, आणि त्याच्या उत्तरावर इकडे कोणाचे तरी काही अडले आहे, हे त्यात नम्रपणे नमूद करावे. मग उत्तर न देणाऱ्यालाच चैन पडत नाही.

काकाजींनी हे ऐकले आणि बाकावर बसणाऱ्या सगळ्या आंजीला कामाला लावले. एका विधवेस आम्ही लिहिले, की आपल्या दिवंगत पतीने खोदलेल्या विहिरीचे पाणी गोड होते की मचूळ, यावर आमच्या गावी दोन गट पडले असून बोलणे बंद झाले आहे. सरपंचास विचारले, की सोयाबीन आपण किती बोटे खोल पेरता, कारण आमच्या एका शेतकऱ्याने तिफण थांबवून ठेवली आहे. कुत्रेवाल्या दोघी म्हाताऱ्यांना, काकीजींनी स्वतः सांगितल्यावरून, विचारले, की जोराच्या थंडीत गुडघ्याला काय लावता. मजकूर मी इंग्रजीत रचला. कोणतेही पत्र दुसऱ्यासारखे होऊ दिले नाही.

आणि उत्तरे आली. एक नाही, दोन नाही, पोस्टमनच्या पिशवीत न मावण्याइतकी आली.

"काकाजी," पोस्टमन दारातूनच ओरडे, "तुमचं टपाल वाहू वाहू माही सायकल इंग्रजीत कुरकुर कराले लागली."

"मंग तेल टाक तिले. अन् बस, तुले बी एक म्हातारा देतो लिव्हाले."

त्या वर्षी आंजीतील पुष्कळांना आंजी लहानमध्ये एकेक माणूस लाभला. मी रविवारी तेथे जाई आणि उत्तरे मराठीत वाचून सांगे. तिफणवाला शेतकरी लांबून हाक मारी, "मुन्शीजी, माह्या सरपंचाचं काही आलं का?" विहिरीचे पाणी मचूळ निघाले तेव्हा हरलेल्या गटाने जिंकलेल्या गटाला चहा पाजला. ज्या गावच्या लोकांनी एकमेकांना पाहिलेले नाही आणि कधी पाहणारही नाहीत, त्यांची इतकी विचारपूस मी इतरत्र पाहिली नाही.

तरीही पोस्ट बंद झाले. आधी वेळ अर्ध्यावर आणली, मग कुलूप लावले. वरून एकदा हुकूम निघाला म्हणजे खालची विनंती कितीही चांगली रचलेली असो, ती फायलीत जाते. हे इकडे जितके खरे आहे, तितकेच तिकडेही असले पाहिजे. दवाखाना गेला. मुलगी, जावई आणि दोन्ही मुले शहरात गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम आंजीला गेलो. फोन वाजला. काकाजींनी उचलला.

"तिथली वस्ती किती हाये?"

मुलीने काही तरी सांगितले.

"लाखानं," काकाजी आम्हांला म्हणाले, आणि मग फोनमध्ये, "शेजारी कोन राह्यते?"

पलीकडून आलेले उत्तर त्यांनी आम्हांला सांगितले नाही. फोन काकीजींच्या हातात देऊन ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. काकीजींना प्रथमच हवे तितके बोलावयास मिळाले होते, पण त्यांचे लक्ष पायरीकडे होते. "जेवली ना वं?" एवढे विचारून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे काही महिने काकाजी फोनवर येईनासे झाले. गिऱ्हाईक आले की थैली मोजून देत. कोणी आंजी लहानची गोष्ट काढली, तर म्हणत, "तिकडून पत्र येत असंन कोनाले, तं त्याले इचारा." दुपारी आडवे पडणे त्यांनी सोडले होते. खुर्चीतच बसून राहत. मला त्यांची काळजी वाटू लागली.

एका रविवारी, मी तेथे असतानाच, काकीजींनी फोन त्यांच्या कानाशी नेऊन धरला. "घ्या. पोरगी रडून राह्यली. म्हनते, बाबा बोलत काऊन नाई."

काकाजींनी फोन घेतला. घसा साफ केला.

"तुह्या दारासमोर दार हाये का?... हाये ना. मंग जा, ते वाजव."

पलीकडून बराच विरोध झाला असावा.

"तिथं असं करत नाईत? काऊन? लोकायले हात नाईत का? जा. वाटीत काही घेऊन जा, रिकाम्या हातानं नको जाऊ. मी धरून बसतो... रात झाली तं होऊ दे, पैसे जाऊ दे वं. जा."

बाकावरचे सर्व जण काकाजींच्या तोंडाकडे पाहत होते. काकीजींनी दाराचा खांब धरला होता. बाहेर एसटी येऊन थांबली, लोक उतरले, एसटी निघून गेली. काकाजी फोन कानाला लावून तसेच बसले होते. एकदा फक्त त्यांनी हात बदलला.

मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"कोन हाये?... म्हातारा? एकटाच? काय करे पयले?... घड्याळं दुरुस्त करे? अन् गुडघा? गुडघा कसा हाये त्याचा?"

ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू भरत होता, दुसरा शब्द मला सापडत नाही. फोनवर हात ठेवून ते आमच्याकडे वळले.

"एक झाला," ते म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी मुलगी एकेक दार वाजवीत गेली. काकाजी पुन्हा दुपारचे आडवे पडू लागले; मुलीसंगे जिन्यापर्यंत जाता येते, असे मला एकदा म्हणाले. पुढे पुढे खालच्या दारापर्यंत, आणि एकदा, मोठ्या अभिमानाने, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत गेल्याचे त्यांनी सांगितले. शहर मोठे होते आणि त्यांचे वय झाले होते. कोपऱ्याच्या पुढे ते पोहोचू शकले नाहीत. एका हिवाळ्यात, आजारी न पडता, ते गेले. आंजीतील सर्व शटरे अर्धी ओढली गेली.

मुलगी अंत्यविधीनंतर पोहोचली. निघण्यापूर्वी वारसाच्या कामासाठी ती माझ्याकडे आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. बाकड्यावर ती वडिलांसारखीच, गुडघ्यांवर हात ठेवून बसली. मी नाव, वय, पत्ता विचारीत गेलो आणि टाइप करीत गेलो. मध्येच तिने हातरुमाल काढला, पण रडली नाही.

"मुन्शीजी, सवय जात नाई हो," ती म्हणाली. "इकडं यायच्या चार दिवस आधी वरच्या माळ्यावर एक नवीन बाई राहाले आली. एकटीच. मी गेली, तिच्याकडं चहा पिली, सगळं इचारून आली. अन् रविवारी बाबाले सांगू म्हनलं, तं बाबाचीच बातमी आली. आता हे सांगू कोनाले?"

वारसाचा अर्ज अर्ध्यावर होता. तो यंत्रात तसाच राहू देऊन मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"कोठली आहे ती बाई?" मी विचारले.